‘पेक्षा’, ‘पाहिजे’ आणि ‘लागले’ : मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी इंग्रजीतील तुलना आणि आवश्यकता

पुण्यातल्या एका कंपनीत लेखा विभागातील जागेसाठी मुलाखत देत असताना आधीची नोकरी का सोडली, असे मला विचारण्यात आले. वडिलांच्या आजारपणामुळे मला फलटणजवळच्या गावी आठ महिने राहावे लागले होते, त्यामुळे ‘मला नोकरी सोडावी लागली’ एवढे एकच वाक्य मला इंग्रजीत सांगायचे होते. ‘लागली’ म्हणजे सक्ती, सक्ती म्हणजे ‘मस्ट’ आणि गोष्ट होऊन गेलेली म्हणून पुढे ‘हॅव लेफ्ट’, असा हिशेब मनात जुळवून मी ठामपणे म्हणाले, “आय मस्ट हॅव लेफ्ट द जॉब.” समोरच्या बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि हसू आवरत विचारले, “आर यू नॉट शुअर?” मी जे बोलले होते त्याचा अर्थ ‘मी बहुधा नोकरी सोडली असावी’ असा होत होता.

आमच्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होते. पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली, म्हणजे आमच्यानंतर. तरीही दहावीला ‘डिग्री बदला’, म्हणजे विशेषणाचे तुलनेचे रूप बदलून तेच वाक्य पुन्हा लिहा, या प्रश्नाचे सगळे गुण मला मिळाले होते, कारण तिथे वाक्य आधीच इंग्रजीत दिलेले असे आणि ते फक्त फिरवायचे असे. प्रत्यक्षात बोलताना वाक्य डोक्यात मराठीतून उगवते, आणि चूक होते ती त्या पहिल्या वळणावर. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरी मराठी वाक्यापासून सुरू होते. तुलना करताना इंग्रजी आपल्याकडून थोडे जास्तीचे काम करून घेते. आवश्यकता सांगताना मात्र आपली मराठी मुळातच इतकी बारीक भेद करणारी आहे की तिच्या क्रियापदाकडे नीट लक्ष दिले तर इंग्रजीतले अर्धे उत्तर तिथेच सापडते.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

एक दोनशे पानी वही, परदेशी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी–इंग्रजी कोश आणि आवाज ध्वनिमुद्रित करता येईल असा साधा फोन एवढे पुरते. असे कोश आंतरजालावर मोफत पाहता येतात आणि त्यांत विशेषणाची पुढची दोन्ही रूपे (‘बिग’ची ‘बिगर’ आणि ‘बिगेस्ट’, अशी) दिलेली असतात. बालभारतीची नववी–दहावीची इंग्रजीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. शाळा सुटून वीस वर्षे झाली असली तरी ती पुन्हा उघडण्यात लाज वाटून घेऊ नये. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: माझे मराठी वाक्य, माझ्या तोंडून आलेले इंग्रजी वाक्य आणि बरोबर वाक्य. मधला रकाना लिहायला नको वाटते, पण वहीचा खरा उपयोग त्याच रकान्याचा आहे.

पायरी १ : ‘पेक्षा’चे ओझे दोन ठिकाणी ठेवा

‘पुण्यापेक्षा मुंबई मोठी आहे’ या वाक्यात तुलनेचे सगळे काम ‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्यय करते. ‘मोठी’ हे विशेषण जसेच्या तसे राहते. तुलना नसती तरी ते ‘मोठी’च असते. इंग्रजीत हे काम दोन जागी वाटले जाते. विशेषण स्वतः बदलते आणि शिवाय ‘दॅन’ येतो: “मुंबई इज बिगर दॅन पुणे.” आपण यातला एकच अर्धा भाग उचलतो, आणि मग “मुंबई इज बिग दॅन पुणे” असे अपुरे वाक्य तयार होते. क्रमही उलटा आहे, हे ध्यानात घ्या. आपण ज्याच्याशी तुलना करायची ते आधी सांगून टाकतो, इंग्रजी ते शेवटी सांगते. बोलताना अडखळत असाल तर आधी मराठी वाक्यच मनात फिरवून पाहा: ‘मुंबई मोठी आहे, पुण्यापेक्षा.’ हे मराठी जरा नाटकातल्यासारखे वाटते, पण इंग्रजीसाठी ते तयार साचा ठरते.

लिहिताना आणखी एक सापळा आहे. ‘दॅन’ आणि ‘देन’ हे शब्द आपल्या उच्चारात जवळजवळ एकच होतात. तुलनेच्या शब्दात ‘ए’ हे अक्षर आहे आणि ‘मग, नंतर’ या अर्थाच्या शब्दात ‘ई’. संगणकाचा शब्दलेखन तपासनीस ही चूक पुष्कळदा दाखवत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत.

पायरी २ : ‘अर’ लावायचा की ‘मोअर’, हे कानाने ठरवा

शब्द उच्चारताना तोंडातून किती ठोके येतात ते मोजा. ‘टॉल’, ‘चीप’, ‘हॉट’ हे एका ठोक्याचे शब्द आहेत. त्यांना ‘अर’ आणि ‘एस्ट’ लागतात. ‘हेवी’, ‘ईझी’, ‘बिझी’ असे ईकारान्त उच्चाराचे दोन ठोक्यांचे शब्दही त्याच वाटेने जातात, फक्त लिहिताना शेवटचा ‘वाय’ जाऊन ‘आय’ येतो. ‘यूसफुल’, ‘केअरफुल’ आणि तीन किंवा अधिक ठोक्यांचे ‘एक्स्पेन्सिव्ह’, ‘डिफिकल्ट’ यांसारखे शब्द स्वतः बदलत नाहीत; त्यांच्या आधी ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ येतात. ‘सिंपल’, ‘क्लेव्हर’, ‘क्वाएट’ अशा काही शब्दांना दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. ‘टायर्ड’ आणि ‘बोअर्ड’ हे शब्द लहान असूनही ‘मोअर’च घेतात, कारण मुळात ते क्रियापदापासून झालेले आहेत.

लिहिताना ‘बिग’, ‘हॉट’, ‘थिन’ यांचे शेवटचे व्यंजन दुप्पट होते. हे नियम कोशात पाहून पक्के होतात, त्यावर फार वेळ घालवू नका. वेळ घालवायचा तो ‘मोअर बेटर’वर. ही चूक कुठून येते, हे कळल्यावरच माझी सुटली. आपण मराठीत सहज म्हणतो, ‘हा तांदूळ जास्त चांगला आहे.’ तो ‘जास्त’ डोक्यात ‘मोअर’ म्हणून उतरतो, ‘चांगला’ला शाळेत पाठ केलेला ‘बेटर’ चिकटतो आणि एकाच वाक्यात दोनदा तुलना होते. मराठीतही ‘सर्वांत सर्वोत्तम’ असे लिहिणारे लोक हीच चूक करत असतात, कारण ‘सर्वोत्तम’ या शब्दातच ‘सर्व’ आणि ‘उत्तम’ दोन्ही आलेले असतात. ‘जास्त’ मनात आला की थांबा आणि पुढचे विशेषण आधीच बदललेले आहे का, ते पाहा.

अनियमित शब्द मोजकेच आहेत: गुड, बेटर, बेस्ट, बॅड, वर्स, वर्स्ट, लिटल, लेस, लीस्ट, मच किंवा मेनी, मोअर, मोस्ट, आणि फार, फार्दर किंवा फर्दर, फार्देस्ट किंवा फर्देस्ट. यांतील ‘वर्स’ आणि ‘वर्स्ट’ यांच्यात फक्त शेवटच्या ‘ट’चा फरक असल्यामुळे “वर्स्ट दॅन” असे सर्रास ऐकू येते. ‘दॅन’ आला की ‘वर्स’, एवढे लक्षात ठेवावे.

पायरी ३ : ‘मोठा’ म्हणजे नेमके काय, हे ठरवा

‘माझा भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे’ याचे “ही इज टू इयर्स बिगर दॅन मी” असे भाषांतर करणारी मी एकटीच नाही. मराठीतला ‘मोठा’ हा वयाने, आकाराने आणि मानानेही मोठा असतो. ‘लहान’ची गतही तीच. वय सांगताना ‘ओल्डर’ आणि ‘यंगर’ वापरा: “ही इज टू इयर्स ओल्डर दॅन मी.” नात्याच्या आधी ‘एल्डर ब्रदर’ चालते, पण ‘एल्डर’च्या पुढे ‘दॅन’ येत नाही. किंमत जास्त असेल तर “द प्राइस इज हायर” म्हणावे. वस्तू महाग असते, किंमत उंच असते, अशी तिथली रीत आहे. ‘उंच’ माणसाला ‘टॉल’ आणि डोंगराला ‘हाय’ म्हणतात.

पायरी ४ : किती फरक आहे तो सांगा

नुसते ‘मोठा’ किंवा ‘लहान’ म्हणून कामाच्या ठिकाणी भागत नाही, फरक मोजून सांगावा लागतो. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे आणि साल्हेर १५६७ मीटर. आपण म्हणतो, ‘कळसूबाई साल्हेरपेक्षा ७९ मीटरने उंच आहे.’ तो ‘ने’ इंग्रजीत बहुतेक वेळा गळतो आणि आकडा विशेषणाच्या आधी बसतो: “कळसूबाई इज सेव्हंटी-नाइन मीटर्स हायर दॅन साल्हेर.” ‘पट’ आला की मात्र ‘दॅन’ बाजूला ठेवून ‘अ‍ॅज–अ‍ॅज’ची जोडी घ्यावी. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आणि गोव्याचे ३,७०२. म्हणजे महाराष्ट्र गोव्याच्या सुमारे ८३ पट झाला. इंग्रजीत हे “महाराष्ट्र इज अबाउट एटी-थ्री टाइम्स अ‍ॅज लार्ज अ‍ॅज गोवा” असे सांगतात. ‘दुप्पट’साठी ‘ट्वाइस अ‍ॅज’, ‘निम्म्या’साठी ‘हाफ अ‍ॅज’. या जोडीतला दुसरा ‘अ‍ॅज’ घाईत विसरला जातो, आणि आपल्या कानाला ते खटकतही नाही, कारण मराठीत ‘इतका’ किंवा ‘एवढा’ हा एकच शब्द ते काम करतो.

आकडा नसेल तेव्हा ‘खूप’ येतो, आणि तो फसवतो. ‘कळसूबाई खूप उंच आहे’ आणि ‘पर्वतीपेक्षा कळसूबाई खूप उंच आहे’ या दोन्ही वाक्यांत आपला ‘खूप’ तोच आहे. इंग्रजीत पहिल्या वाक्यात ‘व्हेरी हाय’ आणि दुसऱ्यात ‘मच हायर’ किंवा ‘फार हायर’ होते. ‘व्हेरी हायर’ असे काही नसते. थोडा फरक असेल तर ‘अ लिटल’ किंवा ‘स्लाइटली’ म्हणावे.

पायरी ५ : ‘सर्वांत’ म्हणताना तीन खिळे ठोका

पहिला खिळा ‘द’चा. “कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र” यात ‘द’ हवाच. फक्त ‘माय बेस्ट फ्रेंड’सारखा मालकी दाखवणारा शब्द आधी आला की तो जातो. दुसरा खिळा ‘इन’ आणि ‘ऑफ’चा: जागेसाठी ‘इन’, गटासाठी ‘ऑफ’. तिसरा खिळा ‘वन ऑफ द’नंतरच्या अनेकवचनाचा. ‘पुणे हे महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक आहे’ या मराठी वाक्यात ‘शहरांपैकी’ हे अनेकवचन आपण बिनचूक वापरतो, पण इंग्रजीत गेल्यावर “वन ऑफ द बिगेस्ट सिटी” म्हणून मोकळे होतो. ‘सिटीज’ हवे. ‘क्रमांक दोन’ सांगायचा असेल तर क्रमवाचक शब्द मध्ये घाला: गोदावरी ही भारतातील दुसऱ्या क्रमांकाची लांब नदी, म्हणजे “द सेकंड लाँगेस्ट रिव्हर इन इंडिया.”

शाळेतला ‘डिग्री बदला’ प्रश्न इथे खरोखर उपयोगी पडतो, विशेषतः त्यातला ‘अदर’. “कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र” यात ‘अदर’ विसरलात तर कळसूबाई स्वतःपेक्षाही उंच ठरते. याउलट केरळातील २६९५ मीटर उंचीच्या अनामुडीची तुलना आपल्या शिखरांशी केली, तर “हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र” असे ‘अदर’शिवायच म्हणावे लागते, कारण अनामुडी महाराष्ट्रात नाहीच. आमच्या वर्गात हा ‘अदर’ निमूटपणे पाठ करायचा शब्द होता. त्यामागे इतके साधे कारण आहे, हे मला पस्तिशीत कळले.

पायरी ६ : कशाची तुलना कशाशी चालली आहे, ते पाहा

‘पुण्यातली भाडी मुंबईपेक्षा कमी आहेत’ हे मराठीत कोणालाही खटकत नाही, पण नीट पाहिले तर भाड्यांची तुलना शहराशी झालेली आहे. लिखित इंग्रजीत, विशेषतः अहवालात किंवा परीक्षेत, ही चूक मानली जाते. “रेंट्स इन पुणे आर लोअर दॅन दोज इन मुंबई” असे लिहावे, एकवचन असेल तर ‘दोज’च्या जागी ‘दॅट’ येतो, जसे “दॅन दॅट ऑफ मुंबई.”

काही शब्दांना मात्र ‘दॅन’ मुळीच चालत नाही. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ हे लॅटिनमधून आलेले शब्द आणि ‘प्रिफर’ हे क्रियापद ‘टू’ घेतात. “शी इज सीनियर टू मी”, “आय प्रिफर टी टू कॉफी.” कार्यालयात रोज वापरले जाणारे हे शब्द असल्यामुळे यांच्या चुकाही रोज होतात.

पायरी ७ : ‘पाहिजे’ आणि ‘लागते’ यांना वेगळे करा

आता आवश्यकतेकडे वळू. या चार मराठी वाक्यांकडे सावकाश पाहा: ‘मी जायला हवे’, ‘मी गेलेच पाहिजे’, ‘मला जावे लागते’, ‘मला जायचे आहे’. चौथ्यात इच्छाही असू शकते आणि बांधिलकीही, म्हणून ते बोलताना आपल्याला ‘वाँट टू’ म्हणायचे आहे की ‘हॅव टू’, हे स्वतःलाच विचारावे लागते. पहिले तीन मात्र अगदी स्वच्छ आहेत. ‘जायला हवे’मध्ये बोलणाऱ्याचे मत आहे, गेलेले बरोबर ठरेल, पण न गेल्यास आभाळ कोसळणार नाही. इंग्रजीत त्याला ‘शुड’ म्हणावे. ‘गेलेच पाहिजे’मधल्या ‘च’ने दार बंद केलेले आहे, तो ‘मस्ट’. ‘जावे लागते’मध्ये आपले मत कोणी विचारलेले नाही, परिस्थिती, नियम किंवा साहेब आपल्याला पाठवतो आहे, तो ‘हॅव टू’. रोजच्या बोलण्यात ‘मस्ट’पेक्षा ‘हॅव टू’च पुष्कळ अधिक ऐकू येतो. ‘मस्ट’ सूचनाफलकांवर आणि नियमावलीत शोभतो.

बांधणीचे नियम थोडे आहेत. ‘मस्ट’ आणि ‘शुड’ यांच्यानंतर क्रियापद उघडेच येते: “आय मस्ट गो.” मध्ये ‘टू’ नाही, ‘ही’साठीही शेवटी ‘एस’ नाही. ‘हॅव टू’ मात्र ‘ही हॅज टू’ असा बदलतो आणि प्रश्नासाठी ‘डू’ किंवा ‘डझ’ मागतो: “डू आय हॅव टू कम?” कर्ता नेहमी साधा ठेवावा. मराठीत ‘मला’, ‘त्याने’, ‘आम्हाला’ असे विभक्तीचे फेरे असतात. इंग्रजीत ‘आय’, ‘ही’, ‘वी’ यांवर काम भागते.

मराठी बोलण्यातच रुळलेला एक ‘मस्ट’ इथे सांगितला पाहिजे. ‘पॅन कार्ड मस्ट आहे’ असे आपण म्हणतो आणि तेच उचलून “पॅन कार्ड इज मस्ट” लिहितो. रस्त्यावरच्या फलकांवरही “हेल्मेट इज मस्ट” दिसते. ‘मस्ट’ला नाम म्हणून वापरायचेच असेल तर आधी ‘अ’ लावून “इज अ मस्ट” म्हणावे, त्याहून बरे म्हणजे “इज कंपल्सरी” किंवा “यू मस्ट वेअर अ हेल्मेट.” आणि ‘मला चहा पाहिजे’मधला ‘पाहिजे’ या सगळ्यात धरू नका. नामापुढे आलेला ‘पाहिजे’ म्हणजे ‘वाँट’, पाहुणे म्हणून गेल्यावर मागताना “आय वुड लाइक.”

पायरी ८ : भूतकाळात ‘हवे होते’ आणि ‘लागले’ यांतील दरी ओळखा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि माझी मुलाखत फसली तीही इथेच. ‘मी जायला हवे होते’ असे कोणी म्हटले, तर तो गेला नाही, हे मराठी माणसाला न सांगता कळते. ‘मला जावे लागले’ असे म्हटले, तर तो गेला, हेही तितकेच नक्की असते. एकात न घडलेल्या गोष्टीची खंत आहे आणि दुसऱ्यात घडून गेलेली सक्ती. इंग्रजी ही दरी जशीच्या तशी पाळते: ‘हवे होते’ला “आय शुड हॅव गॉन” आणि ‘लागले’ला “आय हॅड टू गो.” मला म्हणायचे होते ते वाक्य होते “आय हॅड टू लीव्ह द जॉब.” ‘मस्ट’ला स्वतःचे भूतकाळी रूप नाही, म्हणून ‘हॅड टू’ त्याच्याही जागी उभा राहतो, भविष्यात ‘विल हॅव टू’ तेच काम करतो.

मग ‘मस्ट हॅव’ कशासाठी आहे? तो अंदाजासाठी. रात्रीचे दहा वाजले आहेत, साताऱ्याची गाडी पाचला सुटली होती. आपण म्हणतो, ‘ते पोहोचले असणार.’ तेच “दे मस्ट हॅव रीच्ड.” वर्तमानातला अंदाज ‘मस्ट बी’ने सांगतात: ‘तो घरीच असणार’, “ही मस्ट बी अ‍ॅट होम.” अंदाजाचा नकार मात्र सहसा ‘कान्ट’ने करतात, “ही कान्ट बी अ‍ॅट होम.” मराठी वाक्याच्या शेवटी ‘असणार’ किंवा ‘असावा’ आला, तरच ‘मस्ट हॅव’ वापरावा. हा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला होता.

पायरी ९ : नकार देताना सर्वांत जास्त जपा

होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ शेजारी राहतात. नकारात ते एकमेकांपासून पार दूर जातात. भोसरीतल्या एका लहान कारखान्यात काम करत असताना, यंत्र पाहायला येणाऱ्या एका परदेशी अभियंत्याला मी ईमेल पाठवला होता. आमच्याकडे कँटीन आहे, जेवण आणायची गरज नाही, हे कळवायचे होते, आणि मी लिहिले, “यू मस्ट नॉट ब्रिंग लंच.” ते गृहस्थ आले तेव्हा त्यांनी फाटकावरच्या रखवालदाराला बिस्किटांचा पुडा दाखवून तो आत नेलेला चालेल का, असे खुणेने विचारले. रखवालदार गोंधळला, त्याला वाटले आपल्यालाच बिस्किटे देत आहेत. शेवटी पुडा गाडीतच राहिला. आत खाद्यपदार्थ नेण्यास मनाई आहे, अशी त्यांची समजूत मीच करून दिली होती.

मराठीत हा घोटाळा होत नाही, कारण आपल्याकडे तीन वेगळे नकार आहेत. ‘आणावे लागणार नाही’ किंवा ‘आणायची गरज नाही’ म्हणजे “यू डोन्ट हॅव टू ब्रिंग” किंवा “यू नीडन्ट ब्रिंग.” ‘आणू नये’ म्हणजे “यू शुड नॉट ब्रिंग.” ‘आणता कामा नये’ म्हणजे “यू मस्ट नॉट ब्रिंग.” नकारार्थी वाक्य लिहिण्याआधी यांतले कोणते आपल्या मनात आहे ते मराठीत पुटपुटून पाहा. अडचण फक्त ‘नको’ची आहे. ‘मला उद्या जायला नको’ म्हणजे जावे लागणार नाही. पण ‘त्याने उद्या जायला नको’ म्हणजे जाणे योग्य नाही. क्रियापद तेच राहते, अर्थ ठरतो तो ‘ला’ आणि ‘ने’ यांवरून. म्हणून ‘नको’ आला की आधी कर्त्याची विभक्ती पाहा: ‘ला’ असेल तर ‘डोन्ट हॅव टू’, ‘ने’ असेल तर ‘शुड नॉट’. ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांना ‘ने’ उघडपणे लागत नाही, तो आहे असे धरून चालावे.

भूतकाळी नकारातही हाच धागा पुढे जातो. ‘जायला नको होते’, म्हणजे गेलो आणि चुकले: “आय शुडन्ट हॅव गॉन.” ‘जावे लागले नाही’, म्हणजे गेलोच नाही: “आय डिडन्ट हॅव टू गो.” ‘उगाच गेलो, गरज नव्हती’: “आय नीडन्ट हॅव गॉन.” हा तिसरा प्रकार नव्या शिकणाऱ्याने ओळखता आला तरी पुरे, वापरण्याची घाई करू नये.

पायरी १० : ‘बरे’ आला की दोन्ही विषय एकत्र येतात

‘पाऊस येतोय, आता निघालेले बरे’ यातला ‘बरे’ इंग्रजीत जवळजवळ तसाच भेटतो: “वी हॅड बेटर लीव्ह नाउ.” यात ‘हॅड’ असूनही भूतकाळ नाही आणि ‘बेटर’ असूनही ‘दॅन’ नाही, सगळा मिळून एक सल्ला आहे. ‘बेटर’नंतर ‘टू’ लावू नये. पण जपून: “यू हॅड बेटर सेंड द पेमेंट” हे ग्राहकाला लिहिले तर ‘पाठवलेले बरे, नाहीतर बघा’ असा दम त्यात ऐकू येतो. वरिष्ठांना आणि ग्राहकांना “यू मस्ट सेंड”ही टाळावे. “कुड यू प्लीज सेंड” किंवा नियम सांगायचा असेल तर “यू विल नीड टू सेंड” लिहावे. ‘बसने जाण्यापेक्षा चालत गेलेले बरे’ असे ‘पेक्षा’ आणि ‘बरे’ एकाच वाक्यात आले, तर “आय वुड रादर वॉक दॅन टेक द बस” हा साचा हाताशी ठेवावा.

पायरी ११ : सराव कसा करावा

रोज रात्री दिवसातली सहा वाक्ये वहीत लिहा: तीन तुलनेची आणि तीन आवश्यकतेची, सगळी आपल्या त्या दिवसाची. पुस्तकातली ‘राम आणि श्याम’ यांची वाक्ये नकोत. ‘आज भाजी कालपेक्षा महाग होती’, ‘बँकेत दोनदा जावे लागले’, ‘छत्री न्यायला हवी होती’, अशी. त्यांचे इंग्रजी आधी तोंडाने फोनमध्ये बोला, मग ते ऐकून दुसऱ्या रकान्यात जसे बोललात तसे उतरवा, आणि त्यानंतरच कोश किंवा पाठ्यपुस्तक उघडून तिसरा रकाना भरा. थेट लिहायला घेतले तर आपण नकळत चुका सुधारत जातो आणि बोलताना काय होते ते कधीच समजत नाही.

तुलनेच्या पायऱ्या मला तीन आठवड्यांत बऱ्यापैकी जमल्या. ‘हवे होते’ आणि ‘लागले’ यांच्यासाठी दोन महिने गेले. दोन्ही एकाच वेळी सुरू करू नका. महिन्याअखेरीस दुसरा रकाना वरपासून खालपर्यंत वाचावा आणि गेल्या तीस दिवसांत पुन्हा न झालेल्या चुकांवर रेघ मारावी. माझ्या वहीत ‘वर्स्ट दॅन’वर अजून रेघ पडायची आहे.